हिरबाईचा दावा आणि मुंबईचा कायद्याचा वर्ग

१८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे दोन दावे एकत्र निकालासाठी आले. एक खोजा घराण्यातला होता, दुसरा कच्छी मेमन घराण्यातला. दोन्हींतली मागणी सारखीच होती. बाप वारला आहे, आम्ही त्याच्या मुली आहोत, आम्ही मुसलमान आहोत. तेव्हा कुरआनात सांगितलेला मुलीचा हिस्सा आम्हांला मिळावा. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, आमच्या बिरादरीत मुलींना वारसा देण्याची चाल नाही. लग्न होईपर्यंत पोटापाण्याची सोय आणि लग्नाचा खर्च, एवढाच तिचा हक्क. बाकी सगळे मुलग्यांचे. खोजा दाव्यातली वादी हिरबाई आणि प्रतिवादी सोनाबाई ही नावे कायद्याच्या पुस्तकांतून अजून पुसली गेलेली नाहीत. 'खोजा आणि मेमन खटला' या नावाने तो निकाल ओळखला जातो. सर अर्स्किन पेरी यांनी तो दिला आणि मुली हरल्या.

पेरी यांनी दिलेले कारण समजून घेण्याजोगे आहे. मुसलमानांचे वारसाहक्काचे प्रश्न मुसलमानांच्या कायद्याने व रिवाजाने सोडवावेत, असे कोर्टाला बांधून दिलेले होते. मुलींच्या बाजूने म्हटले गेले की मुसलमानांचा कायदा म्हणजे कुरआन. पेरींना ते पटले नाही. राज्यकर्त्यांनी ही सवलत दिली ती कुरआनाला कायदा म्हणून मान्यता द्यावी यासाठी नव्हे, तर लोकांना त्यांच्या चालीरीतींप्रमाणे जगता यावे यासाठी, असा अर्थ त्यांनी लावला. मग एखादी मुसलमान जमात पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या रिवाजाने चालत असेल तर तो रिवाजच तिचा कायदा. जमातीतल्या लोकांच्या साक्षी झाल्या, रिवाज शाबीत झाला, दावा संपला.

हा विचार पेरींच्याच डोक्यातून निघाला असेही नाही. मुंबई शहराबाहेरच्या मुलखासाठी एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत जी नियमावली झाली, तिच्यातील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशाला क्रम घालून दिला होता. आधी सरकारी कायदा, तो नसेल तर त्या भागातला रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्‌सद्विवेक. म्हणजे रत्नागिरीपासून खानदेशापर्यंतच्या मुसलमानाच्या बाबतीतही शरीअतीचा नंबर रिवाजाच्या मागे लागत होता. आपल्याकडे व्याख्यानांतून दोन वाक्ये आलटूनपालटून ऐकू येतात. एक, इंग्रजांनी आमची शरीअत मोडली. दुसरे, इंग्रजांनीसुद्धा आमच्या शरीअतीला हात लावला नाही. हिरबाईचा निकाल समोर ठेवला की दोन्ही वाक्ये अडखळतात. येथे इंग्रज न्यायाधीशाने शरीअत बाजूला ठेवली हे खरे. पण ती ठेवा म्हणून त्याच्यापुढे उभे राहिलेले लोक आपलेच होते आणि आपल्याच लेकीबहिणींविरुद्ध उभे होते.

हा निकाल नुसता पुस्तकात राहिला नाही. मुंबईत कायदा शिकवण्याची सुरुवात आणि पेरी हे नाव एकमेकांत गुंतले आहे. पेरी हे मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांचा आग्रह, तर जगन्नाथ शंकरशेट यांचे म्हणणे की देशी भाषांतून शिकवल्याशिवाय विद्या लोकांपर्यंत पोचणार नाही. हा वाद त्याच सुमारास रंगला होता. (आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला या वादात कुणाची बाजू जवळची वाटते हे सांगण्याची गरज नाही, पण आमचे पालक आज पेरींच्या बाजूला आहेत, हेही तितकेच खरे.) १८५२ मध्ये पेरी निवृत्त होऊन विलायतेस निघाले तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी गोळा केली आणि त्या पैशातून त्यांच्या नावाचे विधिशास्त्राचे अध्यासन उभे राहिले. १८५५ साली कायद्याचे वर्ग सुरू झाले. आज चर्चगेटजवळ जे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आहे त्याचा जन्म हा असा आहे. त्याला आशियातले सर्वांत जुने कायद्याचे महाविद्यालय म्हणतात. हिरबाईला हरवणाऱ्या न्यायाधीशाच्या नावाची खुर्ची, आणि त्या खुर्चीभोवती वाढलेले महाविद्यालय.

बरीच वर्षे हे कॉलेज म्हणजे वकिलीच्या धंद्याला जोडलेला एक फावल्या वेळचा वर्ग होता. पदवी घेतलेली मुले इथे यायची, शिकवणारे बहुतेक वकील किंवा बॅरिस्टर. कोर्टाच्या वेळेच्या आधी किंवा नंतर ते यायचे, शिकवायचे, जायचे. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त होती. तरी एक गोष्ट तिच्यात होती: शिकवणारा माणूस खटला जवळून पाहिलेला असे. कायद्याचे कलम त्याला पुस्तकातून माहीत असायचे तसे अशिलाच्या तोंडूनही माहीत असायचे.

१९२० आणि ३० च्या दशकांत या वर्गात जे तीन शिक्षक येऊन गेले, त्यांच्याकडे आपल्या समाजाने एकत्र असे कधी पाहिलेले नाही. महंमद करीम छागला १९२७ ते १९३० या काळात तेथे घटनात्मक कायदा शिकवत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये तेथे प्राध्यापक म्हणून आले. पुढे १ जून १९३५ रोजी ते प्राचार्य झाले आणि पेरी अध्यासनही त्यांच्याकडे आले. येवल्याची ती गाजलेली घोषणा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात केली, म्हणजे प्राचार्य असतानाच. १९३८ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि त्यांच्या जागी आले आसफ अली असगर फैजी. ते १९४७ पर्यंत प्राचार्य राहिले. एक खोजा, एक महार, एक सुलेमानी बोहरा. तिघेही मुंबईचे बॅरिस्टर, तिघेही विलायतेत शिकून आलेले.

फैजींविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तिघांत सर्वांत कमी वाचले गेलेले तेच. त्यांचा जन्म १८९९ चा, माथेरानचा. तय्यबजी-फैजी या गोतावळ्यातले ते. याच गोतावळ्यातल्या बद्रुद्दीन तय्यबजींनी आणि त्यांच्या भावाने १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची उभारणी करण्यात पुढाकार घेतला, आणि मुंबईतल्या मुसलमानांची आधुनिक तालीम तेथून सुरू झाली. फैजी केंब्रिजला अरबी शिकले, फातिमी काळातील इस्माईली कायद्याचा मूळ ग्रंथ त्यांनी संपादित करून छापला. मुसलमानी कायद्यावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९४९ मध्ये निघाले आणि आजही भारत-पाकिस्तान दोन्हीकडे वापरले जाते. पण शिक्षक म्हणून आम्हांला त्यांचे १९६५ चे पुस्तक अधिक मोलाचे वाटते. त्यात त्यांनी मुसलमानी कायद्यावरील खटले एकत्र आणून विद्यार्थ्यांसाठी टिपांसह मांडले. नियम आधी आणि उदाहरण नंतर, ही आपली मदरशाची आणि शाळेचीही सवय. फैजी विद्यार्थ्याला निकालासमोर बसवतात: हा माणूस कोर्टात का आला, त्याने काय मागितले, न्यायाधीशाने कोणत्या कारणाने दिले किंवा नाकारले, आणि त्या कारणापलीकडे जे बोलले गेले त्याचे वजन किती. कोर्टात जो 'महंमदी कायदा' चालतो तो आणि फिकहच्या किताबांतली शरीअत या दोन वस्तू एक नाहीत, हे ते सांगत राहिले. ज्याने हिरबाईचा निकाल वाचला आहे त्याला ते पटवून द्यावे लागत नाही.

आता आंबेडकरांकडे वळू. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत समान नागरी कायद्याच्या अनुच्छेदावर चर्चा झाली. मसुद्यात तो पस्तिसावा होता, पुढे तो चव्वेचाळिसावा झाला. महंमद इस्माईल, नझिरुद्दीन अहमद, महबूब अली बेग, पोकर साहेब या मुस्लिम सदस्यांनी दुरुस्त्या मांडल्या; आमचा वैयक्तिक कायदा प्राचीन काळापासून अखंड आहे, त्याला हात लावू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आंबेडकरांनी उत्तरात इतिहासाचा आधार घेतला. १९३७ पर्यंत संयुक्त प्रांत, मध्य प्रांत आणि मुंबई अशा भागांत मुसलमान वारशाच्या बाबतीत पुष्कळ अंशी हिंदू कायद्याने चालत होते, मलबारात मातृवंशाचा कायदा मुसलमानांनाही लागू होता, हे त्यांनी दाखवले. पुढच्या संसदेने असा कायदा सुरुवातीला ज्यांना हवा त्यांच्यापुरताच ठेवला तरी चालेल, असेही ते म्हणाले. हे दुसरे वाक्य समर्थक विसरतात आणि पहिले आपण विसरतो. पेरी अध्यासनावर बसलेल्या माणसाने मांडलेला हा युक्तिवाद पेरींच्या निकालापासून चालत आलेल्या इतिहासावरच उभा होता.

आणि छागला. संविधान लागू होऊन दीड वर्ष झाले होते. छागला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांच्यासमोर आणि साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्यासमोर १९५१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी' हा खटला आला. मुंबई सरकारने १९४६ मध्ये हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला गुन्हा ठरवणारा कायदा केला होता. आरोपींचे म्हणणे तीन पदरी होते. पुत्र हवा ही आमची धार्मिक गरज आहे, म्हणून हा कायदा धर्मस्वातंत्र्याविरुद्ध. मुसलमानाला चार बायका चालतात आणि आम्हांला दुसरीही नाही, म्हणून हा कायदा समानतेविरुद्ध. आणि समानतेचा हक्क संविधानाने दिला असल्याने, त्याच्याशी विसंगत असलेली बहुपत्नीत्वाची मोकळीक मुसलमानांच्याही बाबतीत आता रद्दच समजावी लागेल; मग हा भेद कसला?

दोन्ही न्यायमूर्तींनी वेगवेगळी निकालपत्रे लिहिली आणि कायदा वैध ठरवला. छागलांनी श्रद्धा आणि आचार यांत फरक केला. आचार लोकहिताच्या आड आला तर त्याला बाजूला व्हावे लागेल. पुत्र दत्तकही घेता येतो. हिंदू आणि मुसलमान यांचे विवाहाचे कायदे वेगळ्या मुळांतून आलेले, त्यांची सामाजिक पार्श्वभूमीही वेगळी. सरकारला सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते, मग तो टप्पा प्रदेशाचा असो वा समाजाचा. अनुच्छेद १३ चा मुद्दा राहिला. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला आधीचा कायदा त्या अनुच्छेदाने निष्फळ होतो. पण 'कायदा' या शब्दात वैयक्तिक कायदा येतो का? दोघांचेही उत्तर होते, नाही. तेथे रूढी आणि रिवाज यांचा उल्लेख आहे, वैयक्तिक कायद्याचा नाही. १९१५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अॅक्टमध्ये हे दोन शब्द वेगवेगळे वापरले होते, आणि संविधानकर्त्यांना तो फरक ठाऊक होता. त्यांनी वैयक्तिक कायदा मुद्दामच वगळला.

कॉलेजांच्या छापील नोट्समध्ये या सगळ्याचे एक वाक्य होते: वैयक्तिक कायदा हा अनुच्छेद १३ खाली कायदा नव्हे. परीक्षेला तेवढे पुरते. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना नरसू कोण, असे विचारले तर बरेच जण म्हणतात की कुणी तरी मुसलमानांविरुद्ध कोर्टात गेला होता. तो स्वतः आरोपी होता, दुसऱ्या लग्नाच्या कायद्यातून सुटू पाहत होता आणि त्यासाठी मुसलमानाचे उदाहरण देत होता, हे एका वाक्याच्या नोट्समधून कसे कळणार?

या निकालाचे पुढे जे झाले ते आणखी नवलाचे. छागला समान नागरी कायद्याचे उघड पुरस्कर्ते. आपल्या समाजात त्यांच्याविषयी कधी आपुलकी नव्हती. ते नावापुरते मुसलमान, असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्यांच्या आत्मचरित्राचे मराठी मुसलमान वाचक बोटांवर मोजण्याइतके निघतील. पण डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत जे अधिवेशन भरले आणि ज्यातून मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड जन्माला आले, त्या बोर्डाने २०१७ मध्ये तीन तलाकच्या खटल्यात ज्या निकालाचा आधार घेतला तो छागलांचा होता. वैयक्तिक कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर आहे, हे नरसू खटल्याने सांगितलेले आहे, असा तो युक्तिवाद. ज्यांना आपण आपला मानले नाही त्यांनीच ही भिंत बांधली, आणि बांधताना ती आपल्यासाठी बांधली नव्हती. सुधारणेचा एक कायदा वाचवण्यासाठी त्यांनी ती बांधली होती. खटले वाचताना असे वारंवार दिसते. निकाल ज्याच्या हातून सुटतो त्याच्या हातात राहत नाही.

२२ ऑगस्ट २०१७ चा शायरा बानो निकाल पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन असा दिला. हा निकालसुद्धा आपल्या समाजात घोषणेच्या रूपानेच पोचला. अल्पमतातल्या दोघांनी, म्हणजे सरन्यायाधीश खेहर आणि न्यायमूर्ती नझीर यांनी नरसूचीच वाट धरली: वैयक्तिक कायद्याला संविधानाचे संरक्षण आहे, बदल करायचा तर संसदेने करावा. न्यायमूर्ती नरीमन आणि लळीत यांनी वेगळा रस्ता काढला. १९३७ च्या शरीअत कायद्याने तलाकला मान्यता दिली, तेव्हा तो आता विधिमंडळाने केलेला कायदा झाला, म्हणून तो अनुच्छेद १३ च्या कक्षेत येतो. आणि तीन तलाक उघडउघड मनमानी आहे. नरसूचा फेरविचार योग्य प्रकरणी व्हावा, असेही त्यांनी सुचवले, पण त्याला हात लावला नाही. पाचवे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ. संविधानापेक्षा त्यांनी कुरआनाचा आधार अधिक घेतला: कुरआनात जे मान्य नाही ते शरीअतीत चांगले कसे ठरेल? तिघांचे बहुमत झाले, पण कारण तिघांचे एक नव्हते. 'सुप्रीम कोर्टाने शरीअतीविरुद्ध निकाल दिला' असे जो म्हणतो त्याने कुरियन जोसेफ यांचे निकालपत्र उघडलेले नाही. 'सुप्रीम कोर्टाने संविधानाचा विजय केला' असे जो म्हणतो त्यानेही नाही. पुढे २०१८ मध्ये शबरीमला खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी नरसूतील तर्क टिकण्याजोगा नाही असे आपल्या निकालपत्रात लिहिले. तेही एकट्याचे मत होते.

हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रिया मुंबईत सचिवालयावर चालत गेल्या होत्या, तीन तलाक बंद करा म्हणून. त्यांचा उल्लेख या निकालांच्या कुठल्याही नोट्समध्ये नाही. कायद्याच्या वर्गाला कोर्टाच्या दाराबाहेरचे सहसा दिसत नाही.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. इतिहास आणि नागरिकशास्त्र आम्ही शिकवतो. कायद्याची पदवी आमच्याजवळ नाही, आहे ती बी.एड. पण शाळा सोडून गेलेली मुले-मुली पदवीच्या वर्गात गेल्यावर परत येतात, त्यांतली काही कायदा शिकणारी, बरीचशी राज्यशास्त्राची. महिन्यातून दोन रविवारी आम्ही एखादा निकाल समोर घेऊन बसतो. भाषेची अडचण खरी आहे. मुलांचा पाया उर्दूचा, बोली मराठी किंवा दख्खनी, निकाल इंग्रजीत. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने निकालांचे देशी भाषांतील तर्जुमे देण्याचे काम वाढवले आहे, त्यात मराठी आहे, उर्दूही आहे. पण यंत्राने केलेल्या तर्जुम्याची मराठी वाचून मुले पुन्हा इंग्रजीकडे वळतात. तेव्हा आम्ही परिच्छेद मोठ्याने वाचतो आणि प्रत्येकाने तो आपल्या भाषेत सांगायचा, असा रिवाज पाडला आहे. पहिल्या बैठकीत निकाल चूक की बरोबर हे कुणी बोलायचे नाही. कोण आले, काय मागितले, कोर्टाने कोणता प्रश्न सोडवला, एवढेच. यालाही मुले कंटाळतात, विशेषतः मुलगे. त्यांना मत द्यायचे असते.

नरसूनंतर आम्ही हिरबाई घेतली आणि एक कोडे घातले. समजा, १९३७ चा शरीअत कायदा झालाच नसता, आणि हिरबाई १८४७ ऐवजी १९५१ मध्ये छागलांसमोर आली असती, तर?

बहुतेकांनी लिहिले, हरली असती. वैयक्तिक कायद्याला कोर्ट हात लावत नाही. एका मुलीने मात्र नरसूचा निकाल उलटा धरून वाचला. तिचे म्हणणे असे. खोजांची चाल ही पेरींच्या मते रिवाज होती, कुरआनाचा कायदा नव्हे. नरसूप्रमाणे रिवाज अनुच्छेद १३ खाली येतो, वैयक्तिक कायदा येत नाही. मग मुलीला केवळ ती मुलगी म्हणून वगळणारा रिवाज संविधानासमोर टिकला नसता. रिवाज गेला की उरते शरीअत, आणि शरीअत हिरबाईला हिस्सा देते. म्हणजे संविधानाच्या दारातून ती कुरआनापर्यंत पोचली असती. हे वाचून आम्ही पुष्कळ वेळ गप्प होतो. कायद्याचा जाणकार यात खोट काढील. रिवाजाविरुद्ध मूलभूत हक्क खासगी दाव्यात कितपत चालतो, हा वेगळा प्रश्न आहे. पण तर्क स्वच्छ होता. लगेच तिच्या शेजारच्या मुलीने विचारले, पोचली असती ती भावाच्या निम्म्या हिश्शापर्यंतच ना? आणि त्या निम्म्याला पुन्हा नरसूची भिंत आहेच. यावर त्या दिवशी जे बोलणे झाले ते दोन तास चालले. मेहर, भावावर असलेली घरखर्चाची जबाबदारी, ती तो खरोखर उचलतो का, सगळे निघाले. ते सगळे येथे लिहिण्याचे कारण नाही, पण हा वाद घरात किंवा जलशात झाला असता तर पाच मिनिटांत कुणी तरी कुणाला तरी काफिर किंवा अडाणी म्हटले असते. तेथे तसे कुणी म्हटले नाही, कारण समोर हिरबाई होती.

हिरबाईच्या मुद्द्याचा प्रत्यक्ष निकाल १९३७ च्या कायद्याने लावला. वारसा, विवाह, तलाक, मेहर, हिबा, वक्फ अशा बाबतींत विरुद्ध रिवाज असला तरी मुसलमानांना शरीअतच लागू राहील, असे केंद्रीय विधिमंडळाने ठरवले. रिवाजाच्या नावाखाली मुलींना डावलले जाते, ही तक्रार त्या कायद्यामागे होती आणि उलेमांचाही त्याला जोराचा पाठिंबा होता. पेरींचा निकाल नव्वद वर्षांनी असा मोडला. मात्र त्यातून एक गोष्ट वगळली गेली: शेतजमीन. १९३५ च्या कायद्याने शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय होता, त्यामुळे केंद्राला त्यात हात घालता येत नव्हता. मोठ्या जमीनदारांनाही ते सोयीचेच होते. मृत्युपत्र आणि दत्तक या बाबतींतही व्यक्तीने तसे जाहीर केले तरच शरीअत, अशी पळवाट राहिली.

ज्या समाजाची मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेतजमीन, त्याच्या मुलींच्या वाट्याला या कायद्यातून काय आले असेल, याचा हिशेब सोपा आहे. मुंबईच्या खोजा व्यापाऱ्याच्या लेकीला दुकानात आणि हवेलीत हिस्सा मिळाला. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या आपल्या शेतकऱ्याच्या लेकीचे काय? व्यवहारात तिचे नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर चढतेच, पण मग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. बाप वारल्यानंतर काही महिन्यांत भाऊ बहिणींना गाडीभाड्यासह बोलावतात, साडी घेतात, जेवण घालतात आणि सह्या होतात. बहीण सही करते, कारण माहेरचा दरवाजा उघडा राहायला हवा. यात हिंदू बहीण आणि मुसलमान बहीण यांत फरक नाही. कुणी कुरआन नाकारत नाही, कुणी संविधान नाकारत नाही. पेरींसमोर जमातीच्या लोकांनी जो रिवाज शाबीत केला तो स्टॅम्पपेपरवर उतरलेला असतो. तीन तलाकवर आपल्याकडे मोर्चे निघाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या, त्यांत लाखो स्त्रियांनी सह्या केल्या. हक्कसोडपत्रावरच्या सह्या कुणी मोजल्या नाहीत.

आमच्या बैठकीतल्या एका मुलाच्या घरी अशीच सह्यांची वेळ आली होती. तो हिरबाईचा निकाल मोबाइलमध्ये घेऊन गेला आणि आपल्या तीन फुफ्यांना वाचून दाखवला. त्यांपैकी दोघींनी सही केली, एकीने विचार करून सांगते म्हणून कागद परत पाठवला. मुलाच्या वडिलांनी आम्हांला गाठून विचारले की, सर, तुम्ही शाळेत काय शिकवता. आम्ही त्यांना १९३७ च्या कायद्याची प्रत दिली. जेमतेम सहा कलमांचा कायदा आहे, चहा पिता पिता वाचून होतो. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. पुढच्या रविवारी त्यातलेच दुसरे कलम आहे, आणि 'शेतजमीन' हा शब्द तेथे कसा आला, हा प्रश्न मुलांनी आधीच फळ्यावर लिहून ठेवला आहे.